पटावरची पारख

धानाची कापणी आटोपते, पुंजणे रचले जातात आणि गोंदिया जिल्ह्यातल्या बांध्या रिकाम्या होतात. दिवाळीच्या मागोमाग गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात आणि थंडी मुरली की पाळी येते शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्यात जा, पौष-माघात कुठे ना कुठे पट भरलेला असतोच. शेजारच्या भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतही पटाचं वेड तेवढंच आहे, त्यामुळे नामांकित जोड्या तालुक्याची काय, राज्याचीही सीमा ओलांडून येतात. दिवसा पट, रात्री झाडीपट्टीचं नाटक. लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी पाहुणे, आणि त्या गर्दीत एखाद-दुसरी सोयरीकही जुळून जाते.

या गर्दीत प्रत्येक गावात एक माणूस असतो. वयस्कर, बहुधा स्वतः कधीकाळी जोडी राखलेला. जोड्या जुंपल्या जात असताना तो दोरीजवळ उभा राहतो, दोन्हीकडे नजर टाकतो आणि म्हणतो, “डावीकडची काढते.” बरेचदा ती जिंकतेही. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर हेच काम वर्तमानपत्रांचे रेस-समीक्षक करतात. दिवसभरात सात-आठ शर्यती असल्या तर प्रत्येकीचा आढावा घेऊन, कोणता घोडा पहिला येईल याचा अंदाज ते सकाळीच छापून मोकळे होतात.

दोघांच्याही अंगात काही दैवी शक्ती नसते. दोघंही थोडेच, पण नेमके प्रश्न विचारत असतात. जनावर आज कसं आहे? आधी कसं धावलं? त्याच्यासोबत कोण आहे? जमीन कशी आहे? आणि समोर कोण आहे? अंदाजाचं सगळं शास्त्र या पाच प्रश्नांत मावतं. त्याची मर्यादाही त्यातच आहे, ती आपण शेवटी पाहू.

शर्यत लहान, चूक मोठी

आधी खेळाची रचना पाहू, कारण अंदाज रचनेवर ठरतो. शंकरपटात सरळ, शेजारी-शेजारी आखलेल्या दोन धावपट्ट्या असतात. हलका छकडा, त्याला दोन बैल आणि वर एक धुरकरी. काही पटांत दोन जोड्या समोरासमोर सुटतात. जिंकलेली पुढच्या फेरीत जाते आणि हरलेली घरी. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटांत घड्याळावर सेकंद मोजून क्रमांक काढतात. बहुतेक ठिकाणी गट पाडलेले असतात. बाहेरून आलेल्या तयार जोड्या एका गटात, तर शेतात राबणाऱ्या गावच्या जोड्या दुसऱ्या गटात.

धाव सरळ आणि थोडक्या सेकंदांची असल्यामुळे इथे मागून येऊन जिंकण्याला फारसा वाव नसतो. अर्धी शर्यत सुटतानाच ठरते. महालक्ष्मीवर चित्र वेगळं असतं. तिथे हजार मीटरपासून दोन हजार चारशे मीटर आणि त्याहून लांबच्याही शर्यती होतात, आणि वळणं असतात. इंडियन डर्बी २४०० मीटरची. १९४३ साली ती पहिल्यांदा धावली गेली आणि ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने जिंकली. एवढ्या अंतरात जॉकीला घोडा आवरून धरता येतो, वाट पाहता येते, शेवटच्या सरळ पट्ट्यात डाव टाकता येतो. म्हणून रेस-समीक्षक घोड्याचा वेग आणि दम असा दोन्हींचा हिशेब मांडतो. पटाचा जाणकार पाहतो ती सुटण्याची तडफ.

दावणीला उभं राहून

पट सुरू होण्याआधी जोड्या झाडाखाली बांधलेल्या असतात. पारख करायची तर खरी जागा तीच. धावपट्टीवर पोचेपर्यंत गुलाल, झूल आणि आरडाओरडा यांत जनावर झाकलं गेलेलं असतं.

पहिली नजर नाकाडावर. निरोगी बैलाच्या नाकाडावर ओलाव्याचे बारीक थेंब असतात. नाकाड कोरडं पडलं असेल तर अंगात ताप असू शकतो, किंवा लांबच्या प्रवासाचा ताण तरी. दुसरी नजर तोंडावर. बैल रवंथ करत असेल तर तो निवांत आहे असं समजावं. घाबरलेलं, बिथरलेलं जनावर रवंथ थांबवतं. जिथे तिथे ढोल वाजत असताना जी जोडी शांतपणे रवंथ करत बसली आहे, तिने असे पट खूप पाहिलेत हे उघड आहे. पहिलटकर जोडी कान टवकारून, डोळे वटारून दाव्याला हिसके देत असते. नवख्या प्रेक्षकाला तीच जास्त जोमाची वाटते. प्रत्यक्षात तिची निम्मी ताकद दावणीलाच खर्च होत असते.

मग दात. गुराचं वय जन्मदाखल्यावर नाही, जबड्यात लिहिलेलं असतं. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. साधारण दोन-अडीच वर्षांना दोन दाती, तीनच्या आसपास चार दाती, पुढे सहा दाती आणि चार-साडेचार वर्षांत आठही दात येऊन बैल जुळतो. दोन दाती बैलात चपळाई असते, पण हाडं अजून भरायची असतात. जुळलेल्या बैलात जोर आणि समज दोन्ही एकत्र सापडतात. वय आणखी वाढलं की दात झिजू लागतात, आणि सोबत सुटण्याची तडफही.

त्यानंतर पाय. बैल दोन फाकांच्या खुरावर धावतो. फाका एकमेकींना लागून, सारख्या झिजलेल्या असाव्यात. एक फाक जास्त झिजली असेल तर बैल त्या पायावर तिरपा भार टाकतो आहे असा अर्थ होतो. नाल ताजी ठोकलेली असली तर बैल दोन पावलं चालवून पाहतात. खिळा जिवंत भागाला लागलेला असेल तर चालीतलं किंचित लंगडणं लगेच कळतं. छाती रुंद, पोट आवळलेलं, मागच्या मांड्या भरलेल्या आणि पाठ सरळ असावी. लोंबत्या पोटाचा बैल ओझं ओढेल, पट नाही काढणार.

विदर्भाच्या पटात आणि शेजारच्या मध्य प्रदेशात गवळाऊ जातीचं रक्त पुष्कळ दिसतं. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट हा या जातीचा मुलूख. रंग पांढरा ते राखाडी, अंग सडपातळ, पाय लांब आणि चाल झपाट्याची. मराठा फौजांना डोंगराळ वाटांवरून रसद लवकर हलवायला ही जात उपयोगी पडली, अशी नोंद पशुपैदाशीच्या ग्रंथांत आढळते. पश्चिम महाराष्ट्रातल्या शर्यतींत जे स्थान खिलारचं, ते इकडे गवळाऊचं.

बैल आणि शर्यतीचा घोडा यांच्यात इथे एक मोठा फरक पडतो. शर्यतीच्या घोड्याची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असते. इंग्लंडमध्ये थरोब्रेड घोड्यांची वंशनोंद १७९१ पासून छापली जाते, आणि आजच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांची नर-वंशरेषा केवळ तीन वळू घोड्यांपर्यंत मागे जाते. जिंकणाऱ्याची पैदास करायची, हरणाऱ्याची थांबवायची, हाच त्या धंद्याचा पाया. खच्ची केलेल्या बैलाला मात्र वंश नसतो. पट गाजवणारा बैल म्हातारा झाला की त्याच्याबरोबर त्याचा वेगही संपतो. म्हणून रेस-समीक्षक बापाचं नाव वाचून घोडा लांब पल्ल्याचा की आखूड, याचा कयास बांधतो. पटाच्या जाणकाराला समोरचं जनावर पाहिल्याशिवाय तोंड उघडता येत नाही.

एक आणि एक दोन होत नाहीत

सर्वांत जास्त अंदाज चुकतात ते जोडीमुळे. प्रेक्षक एकेक बैल पाहतो, धावते मात्र जोडी. दोन उत्तम बैल एका जुवाखाली आणले म्हणजे उत्तम जोडी झाली, असं होत नाही. एक बैल सुटताना अर्धं पाऊल पुढे असेल तर जू तिरपं होतं, छकडा मंद बैलाच्या बाजूला ओढला जातो आणि पट्टीची कड जवळ येते. धुरकऱ्याला मग वेग वाढवायचा सोडून दिशा सांभाळावी लागते. तेवढ्यात शेजारची जोडी निघून गेलेली असते.

म्हणून जाणकार जोडीची उंची, पावलाची लांबी आणि सुटण्याची वेळ जुळते का ते पाहतो. दोन मध्यम पण एकजीव बैल बहुधा एक अफाट आणि एक साधारण अशा जोडीला मागे टाकतात. बाजूही ठरलेली असते. जो बैल डावीकडे जुंपून तयार झाला, तो उजवीकडे बावचळतो. पटाच्या हंगामात बैलांची खरेदी-विक्री जोरात चालते. महिन्याभरापूर्वी गाजलेली जोडी आज तीच आहे की तिच्यातला एक बैल बदलला आहे, हे विचारल्याशिवाय जुन्या विजयाला अर्थ नाही.

धुरकरी हा जोडीतला तिसरा. तो हलका असावा लागतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बैलांना त्याचा आवाज ओळखीचा असावा लागतो. मालकाच्या घरचा, रोज वैरण टाकणारा धुरकरी आणि ऐनवेळी भाड्याने आणलेला नामांकित धुरकरी, यांत जाणते लोक बरेचदा घरच्याला झुकतं माप देतात. महालक्ष्मीवर जॉकी आणि ट्रेनर या दोन नावांना असंच वजन आहे. एखादा अव्वल जॉकी एका तबेल्याच्या दोन घोड्यांपैकी कोणावर बसतो, यावरून तबेल्याचा भरवसा कोणावर आहे ते समजतं.

माती, सावली आणि दोरी

झाडीपट्टीचा शेतकरी माती नावानिशी ओळखतो. कन्हार म्हणजे काळी, चिकण, ओल धरून ठेवणारी. मोरंड मध्यम. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित. खरडी भरड, बरडी मुरमाड. धानाच्या बांधीत पट्टी आखताना बांध फोडतात, ढेकळं मोडतात आणि जमीन दाबून घेतात. तरीही कन्हारीच्या पट्टीवर वरचा थर टणक आणि खाली ओल असा प्रकार राहतो. तिथे वजनदार बैलांचा खूर रुततो आणि हलक्या जोडीचा फायदा होतो. सिहारीवर पकड बरी मिळते. सकाळच्या धुक्यात ओली असलेली पट्टी दुपारी वाळते आणि शेकडो खुरांखाली भुसभुशीत होते. पहिल्या फेरीचे सेकंद आणि संध्याकाळच्या अंतिम फेरीचे सेकंद यांची थेट तुलना करू नये, ती याचसाठी. दोन पट्ट्याही दिवसभरात सारख्या झिजत नाहीत. लागोपाठच्या धावांत एकाच बाजूच्या जोड्या जिंकत असतील तर बैलांआधी पट्टी पाहावी. रेसकोर्सवर जमिनीचा टणकपणा पेनेट्रोमीटर या उपकरणाने मोजून जाहीर करतात. प्रश्न तोच, साधन वेगळं.

बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला तीनशे अंशांहून अधिक भाग दिसतो. म्हणजे धावताना समोरची पट्टी आणि दोन्ही अंगांची गर्दी हे सारं एकाच वेळी त्याच्या नजरेत असतं. दोरीच्या आत डोकावणारी पोरं, फडफडणारा झेंडा, दुपारनंतर पट्टीवर आडवी पडणारी मंडपाची सावली, यांतलं काहीही नवख्या जोडीला बिचकवू शकतं. गर्दी ज्या बाजूला जास्त, त्या बाजूच्या पट्टीवर अनुभवी जोडी असलेली बरी.

घोड्यांच्या शर्यतीत पट्टीऐवजी ‘ड्रॉ’ पाहतात, म्हणजे सुटताना घोडा आतल्या कठड्यापासून कितव्या जागी आहे ते. इथे शाळेतली भूमिती कामाला येते. अर्धवर्तुळाकार वळणावर एखादा घोडा दुसऱ्यापेक्षा एक मीटर बाहेरून धावला तर त्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावं लागतं. घोड्याची एक लांबी साधारण २.४ मीटर धरतात. म्हणजे बाहेरची जागा मिळाल्याने सव्वा लांबीहून जास्त तोटा, आणि कित्येक शर्यतींचा निकाल अर्ध्या लांबीवर लागतो.

रेसबुकातली एक ओळ

महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ पासूनचा. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब तिथे हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यती भरवतो. शर्यतीच्या दिवशी मिळणाऱ्या रेसबुकात प्रत्येक घोड्याची एक नोंद असते. वय, रंग, आई-बाप, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचं वजन, ड्रॉ आणि आधीच्या शर्यतींतले क्रमांक.

यातला वजनाचा रकाना पटाच्या माणसाला नवलाचा वाटेल. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याच्या पाठीवर मुद्दाम जास्त वजन देतात आणि कमी प्रतीच्या घोड्यावर कमी, जेणेकरून सगळे एका रेषेत यावेत. म्हणजे हँडिकॅपर नावाचा अधिकारी अंदाज कठीण व्हावा म्हणूनच पगार घेतो! समीक्षकाचं काम मग त्याची चूक शोधण्याचं. मागच्या वेळी अंगात कसर असताना धावल्यामुळे हलकं वजन मिळालेला, पण आता सकाळच्या सरावात चांगले सेकंद देणारा घोडा तो हेरतो. पटावर असं वजन कोणी देत नाही. तिथे गट पाडून बरोबरी साधतात. त्यामुळे गटात चुकून खाली पडलेली तयार जोडी ओळखणं, हीच पटावरच्या पारखीची सर्वांत सोपी कमाई.

गर्दीला किती कळतं?

फ्रान्सिस गॉल्टन हा ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ १९०६ साली प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात गेला. तिथे एका बैलाच्या मांसाचं वजन किती भरेल याची पैज लागली होती. वाचता आलेल्या ७८७ चिठ्ठ्या त्याने नंतर मागून घेतल्या. खाटीक, शेतकरी, हौशे-नवशे, सगळ्यांचे अंदाज त्यात होते. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला अंदाज निघाला १२०७ पौंड. खरं वजन भरलं ११९८ पौंड. एकेकटे लोक वाटेल तसे चुकले होते, पण गर्दी म्हणून ते एक टक्काही चुकले नव्हते.

रेसकोर्सवर हीच गर्दी पैशाच्या रूपात बोलते, आणि ते बोलणं म्हणजे भाव. एका रुपयाला तीन रुपये नफा असा भाव असेल तर त्याचा अर्थ, चारांत एकदा हा घोडा जिंकेल, म्हणजे २५ टक्के. समजा चार घोड्यांचे भाव एकास एक, एकास दोन, एकास चार आणि एकास नऊ आहेत. टक्के काढा: ५०, ३३, २० आणि १०. बेरीज ११३. शंभराच्या वर असलेले हे तेरा म्हणजे भाव लावणाऱ्या बुकीचा वाटा. कोणताही घोडा जिंको, गणित त्याच्याच बाजूने झुकलेलं असतं.

गर्दीचा सर्वांत आवडता घोडा तरी किती वेळा जिंकतो? जगभरच्या रेसकोर्सांचा दीर्घ अनुभव सांगतो, साधारण तीनांत एकदा. हजारो डोळे, छापील नोंदी, वंशावळी, सेकंद आणि पैसा एवढं सगळं पणाला लागूनही तीनांत दोनदा पहिली पसंती हरते. शिवाय गर्दीला एक खोडही आहे. आर. एम. ग्रिफिथ या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली दाखवून दिलं की लोक दुबळ्या घोड्यांवर त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसा लावतात आणि भरवशाच्या घोड्यांवर कमी. मोठ्या घबाडाचा मोह हिशेबाला भारी पडतो.

पटावरच्या म्हाताऱ्याचे अंदाज याहून बरे वाटतात, त्यालाही साधं कारण आहे. समोरासमोरच्या धावेत जोड्या दोनच असतात. नाणं उडवलं तरी निम्मे अंदाज बरोबर यायचे. त्याची पारख मोजायची ती निम्म्याच्या वर किती, यावर.

कायद्याची रेघ

पारख वेगळी, पैज वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं म्हटलं. परवाना असलेल्या रेसकोर्सच्या चौकटीत त्यावर पैसे लावण्याला कायद्यात जागा आहे. शंकरपटाला तशी कोणतीही मुभा नाही. पटावर बक्षीस मिळतं ते जोडीच्या मालकाला. प्रेक्षकाने आपसात लावलेला पैसा हा जुगारच.

पटाची स्वतःची कायदेशीर वाटही खडतर होती. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूसोबत बैलांच्या शर्यतींनाही बंदी केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली. सर्वोच्च न्यायालयाच्या १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने शर्यतींना अटींसह वाट मोकळी झाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. चाबूक, काठी, टोचणी चालत नाही, आणि नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या अटी पारखीच्याही कामाच्या आहेत. मारून पळवलेली जोडी एका फेरीत जिंकते आणि दुसरीत मोडते. तिच्यावरून कसलाच अंदाज बांधता येत नाही. आवाजावर धावणारी जोडी मात्र दर फेरीला जवळपास तेच सेकंद देते. म्हणून पहिल्या फेरीनंतर विजयाच्या गुलालाकडे पाहू नका, जोडीच्या कुशीकडे पाहा. धाप किती लवकर बसते आणि बैल पुन्हा रवंथ करू लागतो का, यावर अंतिम फेरीचा बराचसा निकाल ठरलेला असतो.

पुढच्या हंगामात पटाला जाल तेव्हा एक वही सोबत ठेवा. धाव सुटण्याआधी आपला अंदाज आणि त्याचं एक कारण लिहा, नंतर निकाल लिहा. आठवणीवर विसंबू नका, कारण चुकलेले अंदाज माणूस सोयीने विसरतो. पन्नास धावांनंतर बरोबर आलेले मोजा. पंचवीसच्या आसपास असाल तर तुमची पारख आणि नाणं सारखंच आहे. तीसच्या वर गेलात तर हात बसू लागलाय असं समजायला हरकत नाही. आणि पस्तीसच्या पुढे सातत्याने जात असाल, तर दोरीजवळच्या त्या म्हाताऱ्याशेजारी खुशाल उभे राहा. फक्त पाकीट घरी ठेवून या.